ओ, एच आणि ‘बॉम्बे’ : एका रक्तगटाच्या नामकरणाचा इतिहास

१

शास्त्रीय परिभाषेतील नावे ही केवळ सोयीची खूण असतात, वस्तूशी त्यांचा अंगभूत संबंध नसतो, असे आपण भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांस आरंभीच सांगतो. हे विधान बरोबरच आहे. परंतु शास्त्रांच्या इतिहासाकडे पाहिले म्हणजे त्यास एक पुरवणी जोडावीशी वाटते. नाव देणाऱ्याची त्या वेळी वस्तूविषयी जी समजूत असते ती नावात साठून राहते. पुढे संशोधनाने समजूत बदलते. नाव मात्र राहते. मग त्या जुन्या नावाच्या आधारानेच नव्या पिढीचे विद्यार्थी विचार करू लागतात, आणि ज्या गोष्टीचा शोध घ्यावयाचा ती गोष्ट नावामागे झाकली जाते. बहुतेक शास्त्रांत याचे परिणाम पांडित्यापुरते राहतात. वैद्यकात ते रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचतात.

प्रस्तुत लेखात अशाच एका नावाचा इतिहास पाहावयाचा आहे. रक्तगटांपैकी ‘ओ’ हा गट म्हणजे काहीही नसणे, असे पन्नास वर्षे मानले जात होते. १९५२ साली मुंबईतील वैद्यांनी व लंडनमधील संशोधकांनी मिळून असे दाखविले की, काही माणसांच्या रक्तात या ‘काही नसलेल्या’ रक्ताविरुद्धही प्रतिकार असतो. जेथे काहीच नाही तेथे प्रतिकार कशाचा? या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास रसायनशास्त्र, आनुवंशिकी आणि रुग्णालयातील नित्याची तपासणी या तिन्हींची मदत लागली. आणि गेल्या काही वर्षांतील जीवशास्त्रीय संशोधनातही त्याच प्रश्नाचे पडसाद उमटत आहेत. वैद्यक हा प्रस्तुत लेखकाचा विषय नव्हे; परंतु शून्याचे व्याकरण हा भाषाशास्त्राचा जुना विषय आहे, आणि त्या वाटेने हा इतिहास अधिक स्पष्ट दिसतो, अशी त्याची धारणा आहे.

२

आरंभ व्हिएन्ना येथे होतो. कार्ल लँडस्टायनर यांनी आपल्या प्रयोगशाळेतील सहकाऱ्यांचे रक्त घेऊन एकाचा रक्तरस दुसऱ्याच्या तांबड्या पेशींशी मिसळून पाहिला. काही जोड्यांत पेशींच्या गुठळ्या झाल्या, काहींत झाल्या नाहीत. १९०१ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांनी माणसांचे तीन गट पाडले व त्यांस ए, बी आणि सी अशी अक्षरे दिली. पुढच्याच वर्षी डेकास्टेलो व स्टुर्ली यांनी चौथ्या प्रकारची माणसे नोंदविली. त्यांच्या पेशींत ए व बी हे दोन्ही गुण होते. पेशीवरील ज्या द्रव्यामुळे प्रतिक्रिया घडते त्यास आज आपण प्रतिजन म्हणतो, आणि रक्तरसातील ज्या द्रव्याने ती घडते त्यास प्रतिपिंड. ए गटाच्या माणसाच्या रक्तरसात बीविरुद्ध प्रतिपिंड असतात, बी गटाच्या माणसात एविरुद्ध. आणि लँडस्टायनर यांच्या ‘सी’ गटात दोन्हींविरुद्ध.

लँडस्टायनर यांचे ‘सी’ हे अक्षर निरुपद्रवी होते. ए, बी, सी हा केवळ क्रम. सी म्हणजे अमुक असे त्यात काहीही सुचविलेले नव्हते. १९१० च्या सुमारास हायडेलबर्ग येथे फॉन डुंगर्न व हिर्झफेल्ड यांनी रक्तगट पिढीजात उतरतात हे दाखविले, आणि त्याच वेळी सीच्या जागी ‘ओ’ आणला. हा ओ म्हणजे जर्मन भाषेतील ‘विना’ या अर्थाच्या शब्दाचे आद्याक्षर, असे काही जण सांगतात; तो अक्षर नसून शून्याचा आकडा आहे, असे इतर काही. जर्मन भाषेत आजही या गटाचा उच्चार ‘शून्य’ असाच होतो. इंग्रजीच्या वाटेने आपल्याकडे तो ‘ओ’ म्हणून आला. व्युत्पत्ती कोणतीही घेतली तरी अर्थ एकच निघतो : या पेशींवर काहीही नाही. क्रम दाखविणाऱ्या अक्षराच्या जागी अशा रीतीने एक विधान येऊन बसले.

नावांच्या गोंधळाचा तो काळच होता. १९०७ साली प्रागमध्ये यान्स्की यांनी चार गटांस रोमन आकडे दिले. १९१० साली बाल्टिमोर येथील मॉस यांनीही स्वतंत्रपणे तेच केले. दोघांचे दुसरे व तिसरे गट जुळत होते. पण यान्स्की यांचा पहिला गट तो मॉस यांचा चौथा, आणि मॉस यांचा पहिला तो यान्स्की यांचा चौथा. म्हणजे ‘चौथा गट’ एवढीच नोंद हाती असली तर एका पद्धतीने तो सर्वांस चालणारा दाता ठरे, आणि दुसऱ्या पद्धतीने त्याच नावाचा माणूस केवळ आपल्याच गटाच्या माणसास रक्त देऊ शके. रक्तसंक्रमण नुकतेच रुग्णालयात रूढ होत असताना ही स्थिती किती धोक्याची होती हे सांगावयास नको. अखेर १९२८ च्या सुमारास ए, बी, एबी व ओ ही अक्षरे आंतरराष्ट्रीय व्यवहारात मान्य झाली. तत्पूर्वी, १९२४ साली, ग्यॉटिंगेन येथील गणिती फेलिक्स बर्नस्टाइन यांनी एकाच स्थानावरील तीन पर्यायी जनुकांनी हे चारही गट स्पष्ट होतात, हे गणिताने दाखवून दिले होते.

यामुळे आकड्यांचा धोका टळला. परंतु ‘ओ’मधील विधान आता पक्के झाले. ओवर काही नाही, म्हणून ओचे रक्त कोणासही चालते, असा साधा व सुटसुटीत न्याय तयार झाला. ओ गटाचा माणूस ‘सर्वदाता’ ठरला.

३

ज्या लुड्विक हिर्झफेल्ड यांनी ओ हे अक्षर रूढ केले, त्यांच्याच हातून रक्तगटांच्या अभ्यासाचा भारताशी पहिला मोठा संबंध आला. पहिल्या महायुद्धात सलोनिका येथील आघाडीवर अनेक देशांचे सैनिक एकत्र आले होते. लुड्विक व त्यांच्या पत्नी हॅना यांनी तेथे सुमारे ८ हजार व्यक्तींचे रक्त तपासले आणि १९१९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत भारतीय सैनिकही होते, आणि बी गटाचे प्रमाण त्यांच्यात ठळकपणे अधिक आढळले. तेव्हापासून भारतीय रक्त हा अभ्यासकांच्या कुतूहलाचा विषय झाला. मुंबईत या कामास शिस्त आली ती वि. रा. खानोलकर व ल. ध. सांघवी यांच्यामुळे, १९४९ च्या सुमारास त्यांनी मुंबईतील सहा अंतर्विवाही समूहांच्या आनुवंशिक गुणांचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. परळ येथे १९२६ साली सुरू झालेले केईएम रुग्णालय व त्यास जोडलेले सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय यांच्या परिसरात रक्तविज्ञानाची जी परंपरा वाढली, तिची पार्श्वभूमी ही अशी होती.

भेंडे, देशपांडे व भाटिया या मुंबईतील डॉक्टरांना आढळलेली गोष्ट वरवर पाहता किरकोळ विसंगती वाटावी अशी होती. काही व्यक्तींच्या तांबड्या पेशी एविरोधी रक्तरसाशी गुठळ्या करीत नव्हत्या, बीविरोधी रक्तरसाशीही करीत नव्हत्या. तेव्हा नियमाप्रमाणे त्या ओ गटाच्या. पण त्यांचा रक्तरस ए, बी व एबी पेशींप्रमाणेच ओ पेशींच्याही गुठळ्या करीत होता. सर्वदाता म्हणविणाऱ्या गटाचे रक्त त्यांना चालत नव्हते. त्यांना चालत होते ते केवळ त्यांच्याच प्रकारच्या माणसाचे.

अशी विसंगती दिसली असता प्रयोगात चूक झाली असे मानून पुढे जाणे सर्वांत सोपे. परळच्या डॉक्टरांनी तसे केले नाही. त्यांनी नमुने लंडनला पाठविले. तेथे लिस्टर संस्थेत रेस व रूथ सँगर यांचे रक्तगट संशोधन केंद्र होते, आणि त्याच संस्थेत वॉल्टर मॉर्गन व विनिफ्रेड वॉटकिन्स हे रसायनज्ञ रक्तगटद्रव्यांचा अभ्यास करीत होते. या सात जणांच्या नावाने मे १९५२ च्या ‘लॅन्सेट’मध्ये एक अगदी छोटे टिपण आले. त्यात अशा तीन व्यक्तींची माहिती होती. शीर्षकात ‘नवा’ हा शब्द अवतरणचिन्हांत घातला होता. ती सावधगिरी योग्यच होती. कारण टिपणाचे महत्त्व नव्या गटाच्या शोधात जितके होते, तितकेच जुन्या गटाचे नाव चुकीचे असल्याच्या पुराव्यात होते.

४

मुंबईच्या नमुन्यांचा अर्थ लंडनमध्ये तात्काळ लागला, यास कारण होते. मॉर्गन व वॉटकिन्स यांनी १९४८ सालीच एक पूर्वतयारी करून ठेवली होती. ओ गटाच्या पेशींशी प्रतिक्रिया देणारे काही रक्तरस तोपर्यंत ठाऊक झाले होते, आणि ते ज्या द्रव्याशी संयोग पावतात त्यास ‘ओ द्रव्य’ म्हणत. म्हणजे शून्यासही एक द्रव्य चिकटविले गेले होते. पण हे द्रव्य ओ जनुकाचे कार्य असेल तर ज्यांच्यात ओ जनुक मुळीच नाही त्यांच्यात ते आढळता कामा नये. प्रत्यक्षात ते ए व बी गटांच्या माणसांतही आढळत होते. यास्तव मॉर्गन व वॉटकिन्स यांनी ‘ओ द्रव्य’ हे नाव टाकून दिले व त्यास ‘एच’ असे नाव दिले. अनेक भिन्न जातींच्या प्राण्यांत सापडणाऱ्या द्रव्यांसाठी जे पारिभाषिक विशेषण होते त्याचे हे आद्याक्षर होय. एचचा ओशी असलेला संबंध त्यांनी नावातच तोडला, ही या इतिहासातील निर्णायक घटना आहे.

पुढील काही वर्षांत एचची रचना उलगडली. रक्तगटद्रव्ये ही शर्करांच्या साखळ्यांची बनलेली असतात. युरोपातील नदीत राहणाऱ्या वाम माशाचा रक्तरस ओ पेशींच्या गुठळ्या करतो. त्यात फ्यूकोज ही शर्करा आधीच मिसळली असता ती क्रिया थांबते, असे वॉटकिन्स व मॉर्गन यांना १९५२ साली आढळले. म्हणजे वामच्या रक्तरसातील द्रव्य जे ओळखते ते फ्यूकोज होय. वनस्पतींच्या बियांतही अशी ओळख पटविणारी द्रव्ये असतात. आपल्या ओळखीचे उदाहरण द्यावयाचे तर कुळथाचा अर्क ए गटाच्या पेशींच्या गुठळ्या करतो, हे बर्ड यांनी १९५१ साली दाखविले. एचसाठी युलेक्स या काटेरी युरोपीय झुडपाच्या बिया उपयोगी पडतात. बियांतील या द्रव्यांस ‘लेक्टिन’ हे नाव बॉइड यांनी निवडले, आणि ते ‘निवडणे’ याच अर्थाच्या लॅटिन धातूवरून घेतले.

या सर्व प्रयोगांतून निघालेले चित्र साधे आहे. पेशीवरील साखळीच्या टोकास गॅलॅक्टोज असते. त्यास फ्यूकोज जोडले की एच तयार होतो. त्या एचवर आणखी एक शर्करा बसली की ए किंवा बी होतो; एसाठी एक शर्करा, बीसाठी दुसरी. ए व बी ही अंगरख्यासारखी मानली तर एच ही भिंतीतील खुंटी होय. ओ गटाच्या घरात अंगरखा नसतो, खुंटी मात्र असते. किंबहुना झाकलेली नसल्यामुळे ती सर्वांत अधिक तेथेच दिसते. मुंबईच्या त्या तीन व्यक्तींत खुंटीच नव्हती. त्यांच्या शरीरास एच परका होता, म्हणून एचविरुद्ध प्रतिपिंड होते. आणि उघडा एच सर्वाधिक असलेले ओ रक्त त्यांना घातक ठरणे अपरिहार्य होते. शून्य रिकामे नव्हते, हे ज्यांच्यात ते खरोखरच रिकामे होते त्यांनी सिद्ध केले.

५

१९५५ साली अमेरिकेत लेव्हाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका इटालियन वंशाच्या कुटुंबातील स्त्रीचा अभ्यास केला आणि तिच्या गटास ‘बॉम्बे’ दृश्यरूप म्हटले. तपासणीत ही स्त्री ओसारखी दिसत होती. तिच्यात ना ए ना बी. परंतु तिच्या अपत्यात बी आढळला, आणि पतीत तर तो नव्हता. उलगडा असा की, पूर्वजांकडून आलेले बी जनुक त्या स्त्रीत होतेच, तिने ते संततीस दिलेही. फक्त तिच्या स्वतःच्या शरीरात खुंटी नसल्यामुळे बीला प्रकट होण्यास जागा नव्हती. एच तयार करणारे जनुक ए-बीच्या जनुकाहून स्वतंत्र आहे, हे यावरून स्पष्ट झाले.

व्याकरणाच्या अभ्यासकास येथे पाणिनीच्या लोपकल्पनेची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. लोप म्हणजे नसणे नव्हे. लोप म्हणजे न दिसणे. प्रत्ययाचा लोप झाला तरी त्या प्रत्ययामुळे अंगावर व्हावयाचे कार्य होते, अशी त्या शास्त्राची व्यवस्था आहे. जे कानी पडत नाही ते व्यवस्थेतही नाही, असे समजणारा वैयाकरण पुढच्याच रूपापाशी अडखळतो. या स्त्रीच्या ठिकाणी बीचा लोप झाला होता, अभाव नव्हता. आणि त्याचे कार्य पुढच्या पिढीत दिसले. ओ व ‘बॉम्बे’ यांतील भेदही याच परिभाषेत मांडता येतो. तपासणीच्या काचपट्टीवर दोन्ही सारखीच दिसतात. एकात ए-बीचा खरोखरच अभाव असतो; दुसऱ्यात ते कदाचित असतात, पण त्यांचा आधार नाहीसा झालेला असतो.

हा भेद केवळ शास्त्रार्थापुरता नाही. शालेय पुस्तकातील कोष्टक प्रमाण मानले तर ओ मातेस एबी अपत्य होणे अशक्य. आणि अशा कोष्टकाच्या बळावर एखाद्या मातेचे मातृत्व किंवा पित्याचे पितृत्व नाकारले जाऊ शकते. ‘दृश्यरूप’ हा शब्द येथे मुद्दाम ध्यानात ठेवावयाचा : जे दिसते त्याचे ते नाव आहे, जे आहे त्याचे नव्हे.

६

गटास शहराचे नाव मिळाल्यामुळे दुसरा एक भ्रम उत्पन्न झाला. हा गट मुंबईचा, आपल्या लोकांचा, अशी समजूत अजूनही कानी पडते. भाटिया व साठे यांनी १९७४ साली मुंबईतील प्रमाण ७,६०० व्यक्तींत एक असे दिले. युरोपात हा गट अतिशय विरळ, सुमारे दहा लाखांत एक, मानला जातो. तेव्हा शहराच्या नावास आधार नाही असे नाही. परंतु शोधानंतर तीनच वर्षांत तो इटालियन कुटुंबात सापडला. पुढे हिंदी महासागरातील रेयूनियन बेटावर सापडला. आणि ओडिशातील कुटिया कोंध जमातीतही त्याची नोंद झाली आहे. रेयूनियनमध्ये तर भारतीय वंशाच्या व युरोपीय वंशाच्या लोकांत एचच्या न्यूनतेचे दोन वेगळे प्रकार आहेत. त्यांपैकी पहिला प्रकार एकोणिसाव्या शतकात मजुरीसाठी समुद्रापार गेलेल्यांच्या वंशजांबरोबर तेथे पोहोचला.

हा गुण अप्रभावी आहे. म्हणजे आई व वडील या दोघांकडूनही सदोष जनुक आल्याशिवाय तो प्रकट होत नाही. नात्यातील विवाहांत असे होण्याचा संभव वाढतो, आणि भाटिया व सांघवी यांनी १९६२ सालीच या गटाचा व सगोत्र नव्हे तर सपिंड नात्यातील विवाहांचा संबंध तपासला होता. मामाच्या मुलीशी विवाह महाराष्ट्रातील अनेक समाजांत संमत आहे, ही गोष्ट इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या नातेसंबंधविषयक ग्रंथात विस्ताराने मांडली आहे. म्हणजे येथे कारण शहर नव्हे, भाषाही नव्हे. कारण आहे ते विवाहवर्तुळाचे. भाषा ही बहुधा त्या वर्तुळाची बाह्य खूण असते, एवढेच. भाषा आणि रक्त यांची सांगड घालण्याचा मोह आपल्या शास्त्रात वारंवार होत आला आहे. म्हणून हे स्पष्ट नोंदविणे अवश्य वाटते.

७

१९९० साली या इतिहासाचे शेवटचे कुलूप उघडले, आणि तेही दोन्ही बाजूंनी. यामामोटो व सहकाऱ्यांनी ए-बी-ओचे जनुक वाचले; मिशिगन येथे लार्सन, लो प्रभृतींनी एच तयार करणारे जनुक हाती घेतले. पहिले नवव्या गुणसूत्रावर, दुसरे एकोणिसाव्यावर.

ओ जनुकात आढळले ते भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास विशेष मनोरंजक वाटेल. ओच्या नेहमीच्या प्रकारात २६१ व्या स्थानी एक अक्षर गळालेले असते. जनुकाचा मजकूर तीन-तीन अक्षरांच्या गटांनी वाचला जातो. ‘कमळ नवल सरळ’ या मजकुरातून एक ‘म’ गळाला आणि वाचणारा तरीही तीन-तीनच अक्षरे घेत गेला, तर ‘कळन वलस रळ’ असे निरर्थक वाचन होते. ओचे असेच झाले आहे : अक्षर एकच गेले, पण पुढील सर्व अर्थ गेला, आणि ए किंवा बीची शर्करा बसविणारे एंझाइम तयारच होत नाही. तेव्हा फॉन डुंगर्न व हिर्झफेल्ड यांचा ‘विना’ एका अर्थाने खरा ठरला. चूक एवढीच की तो पेशीविषयी नव्हता, एंझाइमाविषयी होता.

भारतीय ‘बॉम्बे’ प्रकारातील दोष निराळा. १९९७ साली असे दिसून आले की, एचच्या जनुकात ७२५ व्या स्थानी एक अक्षर बदललेले असते. त्यामुळे एंझाइमातील एका घटकाच्या जागी दुसरा येतो व ते निकामी होते. त्याच्या शेजारचे, लाळ वगैरे स्रावांत एच तयार करणारे जनुक तर पूर्णच गळालेले असते. एकात अक्षरलोप, दुसऱ्यात अक्षरबदल व शेजारच्या संपूर्ण शब्दाचा लोप. आणि बाहेरून पाहणाऱ्यास दोन्हींचे दर्शन एकच : ‘ओ’.

८

एचचा अभाव हा रोग नव्हे, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. ‘बॉम्बे’ गटाची माणसे निरोगी आयुष्य जगतात. रक्त घेण्याची वेळ येईपर्यंत बहुतेकांना आपल्या वेगळेपणाचा पत्ताही नसतो. स्रावांत एच नसणे तर काही बाबतींत हिताचे ठरते : ज्यांच्या स्रावांत तो नसतो त्यांना वांत्या-जुलाब घडवणाऱ्या नोरोव्हायरसच्या काही प्रकारांची बाधा होत नाही, असे २००३ साली सिद्ध झाले. तो विषाणू जिला धरून आत शिरतो ती पकडच तेथे नसते.

उलट, एका दुर्मिळ विकारात ‘बॉम्बे’ गट हा केवळ वरचा इशारा असतो. १९९२ साली इस्रायलमध्ये दोन असंबंधित मुलांची नोंद झाली. त्यांना वारंवार तीव्र जंतुसंसर्ग होत, वाढ व बुद्धिविकास खुंटलेला होता, आणि दोघांचाही गट ‘बॉम्बे’ होता. शोधाअंती दिसले की, त्यांच्यात फ्यूकोज केवळ एचपुरती नव्हे, सर्वत्रच बसत नव्हती. आणि पांढऱ्या पेशींना रक्तवाहिनीच्या भिंतीस धरून संसर्गाच्या जागी उतरण्यासाठी तीच शर्करा लागते. २००१ साली यामागील दोष फ्यूकोजची पेशीतल्या पेशीत वाहतूक करणाऱ्या प्रथिनात सापडला. त्यापूर्वीच, १९९९ साली, अशा एका बालकास तोंडाने फ्यूकोज देऊन संसर्ग आटोक्यात आल्याचे प्रसिद्ध झाले होते. परळच्या प्रयोगशाळेतील एका विसंगतीपासून निघालेले सूत्र अशा रीतीने एका साध्या शर्करेच्या औषधोपचारापर्यंत आले.

९

अलीकडील संशोधनाची दिशा सर्वदात्याचे रक्त कृत्रिमरीत्या तयार करण्याकडे आहे. १९८२ साली कॉफीच्या बियांतील एंझाइमाने बी पेशींवरील शर्करा छाटून त्यांचे ओमध्ये रूपांतर करण्यात आले. २०१९ साली कॅनडात माणसाच्या आतड्यातील एका जंतूपासून एसाठी कार्यक्षम एंझाइमे मिळाली; २०२४ साली डेन्मार्क व स्वीडनमधील संशोधकांनी आतड्यातील आणखी एका जंतूच्या एंझाइमांनी ए व बीची पूर्वी लक्षात न आलेली लांब रूपेही काढून टाकता येतात असे दाखविले. २०२२ साली टोरोन्टो येथे दात्याच्या ए गटाच्या फुप्फुसांवर हीच प्रक्रिया करण्यात आली. ही कामे मोठी आहेत, आणि रक्ताच्या तुटवड्यावर त्यांचा उपयोग होण्याची आशा रास्त आहे.

तथापि या सर्व प्रयत्नांचे ‘सार्वत्रिक रक्त’ हे वर्णन वाचताना १९५२ चे टिपण समोर ठेवावे. ए व बीचा अंगरखा काढला की खाली उरते ती खुंटी. कारखान्यात तयार झालेला तो ओ ‘बॉम्बे’ गटाच्या रुग्णास पूर्वीच्या ओइतकाच घातक आहे. त्याच्यासाठी आजही उपाय जुनेच आहेत : त्याच गटाच्या दात्यांच्या याद्या, ठरलेल्या शस्त्रक्रियेपूर्वी स्वतःचेच रक्त साठविणे, आणि तांबड्या पेशी गोठवून वर्षानुवर्षे राखणे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने १९५७ साली मुंबईत स्थापन केलेल्या रक्तगट संदर्भ केंद्राचे पुढे प्रतिरक्षा-रक्तविज्ञानाच्या राष्ट्रीय संस्थेत रूपांतर झाले; दुर्मिळ गटांचे काम तेथे चालते.

परंतु याद्यांच्याही आधी येते ते ओळखणे. रुग्णाच्या पेशी एविरोधी व बीविरोधी रक्तरसांशी तपासल्या तर ‘बॉम्बे’ हा ओ दिसतो. उलट बाजूने रुग्णाचा रक्तरस माहितीच्या ए व बी पेशींशी तपासला तरी तो ओच दिसतो. भेद कळतो तो तिसऱ्या नळीत ओ पेशी घातल्यावर, किंवा एचविरोधी लेक्टिनने पेशी तपासल्यावर, अथवा दात्याच्या पेशी व रुग्णाचा रक्तरस यांची शेवटची जुळणी पाहताना. ओवर काहीच नाही अशी ज्याची समजूत आहे, त्याला त्या नळीत ओ पेशी घालण्याचे कारणच सुचणार नाही. नावातील जुने विधान रुग्णाच्या खाटेपाशी पोहोचते ते या वाटेने. या गटासाठी रूढ झालेल्या चिन्हातही मूळ अक्षर ‘ओ’च आहे, त्याच्या पायाशी छोटा ‘एच’ जोडलेला. ज्या रक्तापासून या रुग्णास सर्वाधिक भय, त्याच्याच कुळात चिन्हाने त्याला ठेवले आहे.

रक्तगटांना स्थलनामे देण्याची रीत अद्याप चालू आहे. २०२५ साली ग्वादलूप बेटावरील एका स्त्रीच्या रक्तातील नव्या गटास त्या बेटाच्या बोलीतील नावावरून ‘ग्वादा’ म्हटले गेले. त्याच वर्षी कर्नाटकातील एका स्त्रीत सापडलेल्या नव्या प्रतिजनाच्या ‘क्रिब’ या नावात भारत व बंगळुरू यांची आद्याक्षरे आली. आपल्या शहराचे नाव १९९५ साली अधिकृतपणे मुंबई झाले. मराठी बोलणाऱ्याच्या तोंडी ते पूर्वीही मुंबईच होते. तरी हा गट मराठीतही ‘बॉम्बे’च राहिला आहे, आणि तो तसाच राहावा हे बरे. आता ते शहराचे नाव उरलेले नाही, संज्ञा झाले आहे. आणि ‘ओ’प्रमाणे ते स्वतःविषयी कोणतेही विधान करीत नाही. कोठे काय आढळले एवढेच ते सांगते. परिभाषा घडविणाऱ्यांनी अभावाला नाव देताना लँडस्टायनर यांच्या मूळच्या ‘सी’चे स्मरण ठेवावे, आणि रक्तपेढीत शिकणाऱ्या विद्यार्थ्याने तिसऱ्या नळीचे.